पन्नास पानांची शिफारस

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधील एका कारखान्यात वेष्टनासाठी लागणाऱ्या प्लास्टिक फिल्मचे रोल तयार होतात. उपेंद्र तळवलकर तेथे एकोणीस वर्षे गुणवत्ता तपासनीस आहेत. पाचशे रोलांचा लॉट आला की नमुना-तपासणीच्या तक्त्याप्रमाणे त्यांतील पन्नास काढायचे आणि उलगडून पाहायचे. एकात दोष निघाला तर चालतो; दोनांत निघाला तर सगळा लॉट परत जातो. उरलेल्या साडेचारशे रोलांकडे कोणी पाहत नाही, आणि तरीही त्या सर्वांवर तळवलकरांची सही असते.

कारखान्याबाहेर त्यांना लोक ओळखतात ते वाचक मंडळामुळे. दुबई आणि अबू धाबी येथील चौदा मराठी कुटुंबांचे हे मंडळ महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमते. सुट्टीवर भारतात गेलेल्याने परतताना बॅगेतील चार किलो वजन मंडळाच्या पुस्तकांसाठी राखायचे, हा पहिला नियम. दुसरा नियम चिठ्ठीचा. पुस्तक आणवणाऱ्याने ते कोणी वाचावे आणि का, हे तीन ओळींत लिहून ती चिठ्ठी पुस्तकाच्या आत चिकटवायची. चिठ्ठीशिवाय पुस्तक कोणाच्याही घरी जात नाही. जेथे शेजाऱ्याचा मुक्काम त्याच्या नोकरीच्या कराराइतकाच असतो, तेथे आपल्या नावाने कोणीतरी तीन ओळी लिहिल्या आहेत, या गोष्टीला मोठे मोल येते. माणसे या चिठ्ठ्या जपून ठेवतात.

विज्ञान कादंबऱ्यांचा विभाग तळवलकरांकडे आला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. दुबईच्या देरा भागातील जहाज कंपनीत काम करणारे राजाभाऊ तर पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, “अहो, इथे व्हिसा स्टॅम्प होईपर्यंत मला झोप लागत नाही, आणि तुम्ही मला डायरेक्ट दुसऱ्या ग्रहावर पाठवताय! तिथे स्पॉन्सर कोण?” त्याच राजाभाऊंनी पुढच्या महिन्यात तीन कादंबऱ्या संपवल्या आणि चौथीसाठी फोन केला. “यल्ला, चला तळवलकर, नवा माल कधी?”

तळवलकर दिवाळी अंकांतील परीक्षणे वाचत, पुण्यातील एका विक्रेत्याशी फोनवर बोलत आणि यादी करत. मात्र बॅग येई शुक्रवारी आणि बैठक असे रविवारी. दोन दिवसांत सहा कादंबऱ्या कोण वाचणार? सुरुवातीला त्यांनी तसा प्रयत्न केला. मग, केव्हापासून हे त्यांनाही सांगता येत नाही, ते कारखान्यातील तक्ता घरी वापरू लागले. साडेतीनशे पानांच्या कादंबरीतून पन्नास पाने: पहिले प्रकरण पूर्ण, बाकीची मधूनमधून. शेवट वाचायचा नाही; शेवट ठाऊक असला की चिठ्ठीत तो डोकावतो, अशी त्यांची समजूत होती. तिसरी ओळ मात्र प्रत्येक चिठ्ठीत तीच असे: “शेवटपर्यंत वाचा.” सहा वर्षांत एकही तक्रार आली नाही.

मागच्या जूनमध्ये आलेल्या बॅगेत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अवकाशयानाची एक कादंबरी होती. त्यातील एक वृद्ध शिक्षिका यानावरच जन्मलेल्या मुलांना कोणीही न पाहिलेल्या पृथ्वीचा भूगोल शिकवते. फळ्यावर नद्या काढते आणि मुले त्या वहीत उतरवतात. निवडलेल्या पन्नास पानांत हा भाग आला आणि तळवलकरांना तत्काळ मनोरमाताई आठवल्या. मनोरमाताईंनी चिपळूणच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. वय एकाहत्तर. पती गेल्यावर त्या अबू धाबीतील अल रीम आयलंडवर मुलाकडे, निखिलकडे राहतात. चिठ्ठी अशी झाली: “मनोरमाताई, हे पुस्तक तुमचेच आहे. यातील शिक्षिकेत तुम्ही स्वतःला ओळखाल. शेवटपर्यंत वाचा.”

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

“उपेंद्र, पुस्तक वाचलं. तुम्ही मला सांगितलंत, बरं केलंत.”

“आवडलं ना, ताई?”

“आवडण्याचं काय त्यात. पण अंधारात ठेवण्यापेक्षा हे बरं. तुम्हाला फार जड गेलं असेल.”

तळवलकरांना काहीच उमगले नाही. न वाचलेल्या भागाबद्दल बोलणे चालले आहे, एवढे मात्र जाणवले, आणि ते उघड होऊ नये म्हणून ते म्हणाले, “राहवेना, ताई. म्हणून तुमच्याच नावाने दिलं.”

“कळलं मला,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात निखिलचा फोन आला. “तळवलकर, तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या एचआरमधून कळलं का?”

“काय कळलं?”

“प्लीज, आता नाटक नको. माझी ट्रान्सफर झालीय, युरोपला. तिथे आईला लाँग स्टे व्हिसा मिळत नाही. तळेगावजवळ सीनियर सिटिझन्सच्या कॉलनीत मी तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. गणपतीनंतर शांतपणे सांगणार होतो. काल ती तुमचं पुस्तक घेऊन समोर आली आणि विचारलं, मला कुठे ठेवून जाणार आहेस? मी काय बोलणार? खलास!”

“निखिल, मला यातलं काहीही माहीत नव्हतं.”

“मग हेच पुस्तक का? आणि वर ‘स्वतःला ओळखाल’?”

“मी नंतर बोलतो,” म्हणून तळवलकरांनी फोन ठेवला. शेजारी उभे असलेले सहकारी नूरुद्दीन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “क्या हुआ, साब? लॉट वापस आया?”

शनिवारी सकाळी राजाभाऊंनी त्याच बॅगेतून स्वतःसाठी मागवलेली त्या कादंबरीची प्रत आणून दिली आणि तळवलकर शेवट वाचायला बसले. यान शेवटच्या टप्प्यावर येते. नव्या ग्रहावर उतरणाऱ्या छोट्या यानांत सर्वांना जागा नाही. वृद्धांना एका निर्जन थांब्यावर ठेवायचे ठरते. शिक्षिकेचे नाव यादीत आहे आणि यादीवर सही करायची आहे तिच्या मुलाने. तो सही करतो, तिच्याच पेनाने. पेन त्याच्या हातात कसे आले, हे कादंबरी सांगत नाही. आदल्या पानावर ते तिच्या टेबलावर आहे, पुढच्या पानावर त्याच्या बोटांत. तळवलकरांनी ती दोन पाने चार वेळा वाचली. तिने पेन दिले, की त्याने उचलले? दिले असेल तर ही एका स्त्रीच्या निर्णयाची गोष्ट होती. उचलले असेल तर दुसरीच. पन्नास पानांच्या नमुन्यात यातील काहीही नव्हते.

त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी ईशानी समोर बसून सर्व पाहत होती. “बाबा, यू हॅडन्ट फिनिश्ड इट? आणि सगळ्यांना सांगता शेवटपर्यंत वाचा? दॅट्स सो फनी.”

पत्नी मृणालिनीला ते हसण्यासारखे वाटले नाही. “ताईंना जाऊन सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू? त्यांना वाटतंय, कोणी नाही तर निदान मी त्यांना सावध केलं. तेही काढून घेऊ?”

“ते तू दिलंच नव्हतंस. काढून काय घेणार?”

एवढ्याने प्रश्न सुटला नाही. गप्प राहिले तर एक वृद्ध स्त्री आपला एक तरी खरा मित्र आहे अशा विश्वासात राहील. पण मुलाने आपले गुपित परक्याला आधी सांगितले, हा संशयही तिच्या मनात राहील, आणि तो खोटा होता. बोलले तर निखिलवरचा तो आरोप जाईल, आणि त्याबरोबर सहा वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या संशयास्पद ठरतील. आपण कोणाचे भले करू पाहतो आहोत, ताईंचे, निखिलचे की स्वतःच्या सहीचे, हे तळवलकरांना ताईंकडे जायच्या सव्वा तासाच्या रस्त्यात ठरवता आले नाही. अबू धाबीची पाटी दिसली तेव्हा परत फिरावे असेही एकदा वाटले.

मनोरमाताई दिवाणखान्यात एकट्याच होत्या. पुस्तक टीपॉयवर होते. निखिल आतल्या खोलीत कोणाशी तरी मीटिंगमध्ये बोलत होता. त्याचा आवाज दाराआडून येत होता.

“ताई, मी शेवट वाचला नव्हता,” तळवलकर उभ्यानेच म्हणाले. “पन्नास पानं वाचून दिलं. निखिलनं मला काही सांगितलं नव्हतं. फोनवर मी खोटं बोललो.”

ताईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट केले. “बसा. माझ्या वर्गात अशी पोरं असायची. नकाशा उघडायचा नाही आणि हात मात्र पहिला वर.”

“रागावलात?”

“ते मलाही नीट कळत नाही. म्हणजे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आपलं ते पुस्तकातून काढलं, आणि ते खरं निघालं.” त्यांनी पुस्तक मांडीवर घेतले. “आता तरी वाचलंत ना शेवटपर्यंत?”

“चार वेळा.”

“मग सांगा. त्या बाईनं पेन दिलं, की त्यानं घेतलं?”

“नाही सांगता येत, ताई.”

“मलाही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खात्री होती, त्यानंच घेतलं. परवा पुन्हा वाचलं. निखिलला मी बोलले ते पहिल्या वाचनावरून.” त्यांनी पुस्तक उघडून आतली चिठ्ठी नखाने हळूहळू सोडवली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. “ही माझ्याकडे राहू दे. नवी लिहा, निखिलच्या नावानं. मी सांगून तो ऐकणार नाही आणि मला तरी काय सांगायचंय ते कुठे माहीत आहे. नियमाप्रमाणे चिठ्ठीशिवाय पुस्तक द्यायचं नाही.”

आतल्या खोलीतील आवाज थांबला होता. ताईंनी टेबलावरचे आपले पेन पुढे केले. तळवलकरांनी ते घेतले आणि बऱ्याच वेळाने तीन ओळी लिहिल्या:

“निखिल, हे पुस्तक मी आता पूर्ण वाचले आहे. शेवटची दोन पाने मला समजलेली नाहीत, तुमच्या आईंनाही नाहीत. त्यांच्याशेजारी बसून वाचा.”

ताईंनी चिठ्ठी वाचली, त्या डिंकाची बाटली आणायला उठल्या आणि आतल्या दारापाशी जाऊन दोनदा टकटक केली.