शेऱ्याच्या रकान्यातली बाई

या पानावरचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो, हे आधी कबूल करतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. गेली पंचवीस वर्षं कोल्हापुरात कायदा शिकवतोय, त्यातही पुराव्याचा कायदा. ज्यानं स्वतः पाहिलं त्यानंच सांगावं, ऐकीव चालत नाही, हे मी कित्येक पोरांकडून घोकून घेतलंय.

आणि मीच जे पाहिलं नाही ते लिहिलं, आणि खाली सही केली. तिथून हे सगळं सुरू झालं.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक संशोधन प्रकल्प आला होता. गावागावांत पांढरे एलईडी दिवे लागतायत, रात्रीचं आकाश उजळत चाललंय, तर ते किती उजळलंय हे मोजायचं आणि दिव्यांसाठी नियमांचा मसुदा तयार करायचा. मोजण्याचं काम देसाई मॅडमचं... त्या खगोलभौतिकीच्या. मसुदा माझा. धोरणाचा भाग पुण्याची एक संशोधक ऑनलाइन बघायची. मॅडम हसून म्हणायच्या, "सर, तारे कोर्टात साक्षीला येत नाहीत, म्हणून तुम्हाला घेतलंय."

आम्ही निवडलेली जागा म्हणजे आजऱ्याच्या पुढची एक वाडी. नाव लिहीत नाही. वस्तीपासून लांब, माळावर शाळा आहे, तिच्या अंगणात बसून मोजायचं. हातात मावेल एवढं यंत्र. आकाशाकडे धरायचं, बटण दाबायचं, आकाश किती काळं आहे त्याचा आकडा येतो. दर अर्ध्या तासानं एक नोंद. मार्गशीर्ष, पौष, माघ... तीन अमावस्या माझ्या वाट्याला होत्या.

तक्त्यात आकड्यांशेजारी 'शेरा' असा रकाना हवा, हा आग्रह माझाच. ढग आला, गाडी गेली, कुणी बॅटरी मारली, सगळं लिहायचं आणि निरीक्षकानं सही करायची. उद्या कुणी आव्हान दिलं तर तक्ता टिकला पाहिजे.

पहिल्या दोन अमावस्यांना मी गेलो. आकडे जवळपास सारखेच आले. तिसऱ्या वेळी इचलकरंजीहून मेहुणे आले होते. गप्पा झाल्या, लवकर जेवणं झाली, आणि मी निघालोच नाही. अडीच तासांचा रस्ता, कडाक्याची थंडी, आणि आकडे तेच येणार... वेगळं काय येणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी तक्ता भरला. आधीचे आकडे बघून शेवटचा दशांश इकडेतिकडे केला. पण शेऱ्याचा रकाना कोरा. कोरा रकाना बघून मलाच शंका आली असती. म्हणून एक ओळ लिहिली —

'९.४० : एक वयस्कर बाई कंदील घेऊन शाळेमागच्या बांधावरून गेली. उजेडामुळे नोंद दहा मिनिटे थांबवली.'

कंदीलच का? तर पांढऱ्या दिव्यांच्या गर्दीत एक पिवळा उजेड तक्त्यात बरा दिसेल म्हणून. बस्स. इतकंच कारण होतं.

मॅडमना आकडे आवडले. म्हणाल्या, "तिसरी रात्र सगळ्यात स्वच्छ आलीय." मी विषय मसुद्यावर नेला.

एक मेच्या ग्रामसभेत अहवाल गावापुढे ठेवायचा होता. ज्यांच्यासाठी नियम करायचे त्यांना आधी वाचून दाखवायचं, ही मॅडमची पद्धत. सकाळची वेळ, देवळासमोर मांडव. एक म्हातारबाबा सुरुवातीलाच उठले.

"दिवं आत्ता कुठं लागल्यात आमच्यात, तेबी इझवायला आलाय व्हय?"

"विझवायचे नाहीत हो आजोबा," मॅडम म्हणाल्या, "उजेड वर जाऊ नये म्हणून दिव्याला टोपी बसवायची."

"दिव्याला बसवा की! आमाला घालू नका म्हंजे झालं!"

सगळा मांडव हसला. मीपण हसलो. मग ग्रामसेवकांनी तक्ता वाचायला घेतला, अगदी शेऱ्यांसकट. तिसऱ्या रात्रीचा शेरा वाचून झाला, आणि मागनं एक चाळिशीचा माणूस उभा राहिला.

"थांबा. परत वाचा."

ग्रामसेवकांनी परत वाचलं. कुणी हसेना.

त्याचं नाव मारुती. इचलकरंजीला मागावर कामाला, आठवड्यातनं एकदा घरी. त्याची आई, तानूबाई, माघातल्या त्याच अमावस्येला घरातून गेली होती. विसरभोळी झाली होती. सून झोपली होती, म्हातारी कधी उठून गेली कळलंच नाही. पोलिसांत तक्रार होती. दोन-अडीच महिने कुणालाही ती दिसली नव्हती. आणि घरातला कंदील नाहीसा होता. गावात कंदील वापरणारी ती एकटीच.

आमच्या कानावर यातलं काहीच नव्हतं. पौषानंतर आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं.

मारुती पुढं आला. "सर, तुमीच न्हवं का ते, शाळेत बसून आभाळ मोजणारं?"

"हो."

"आय कुठल्या अंगाला गेली, येवढंच सांगा. बाकी काय इचारत न्हाय."

त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. शेजारी मॅडम, समोर सगळं गाव, खाली माझी सही. माझ्या तोंडून निघालं, "ओढ्याकडे."

ओढाच का, तर शाळेमागे ओढा आहे एवढंच मला माहीत होतं. नंतर कळलं की दोन-अडीच महिने सगळे उलट्या बाजूला, तिच्या माहेरच्या रस्त्याला शोधत होते. ओढ्याच्या अंगाला ती कधी जायचीच नाही.

दुपारपर्यंत वीस-पंचवीस माणसं ओढ्यात उतरली. मीही गेलो, न जाऊन सांगतो कुणाला. तासाभरानं करवंदीच्या जाळीतून हाक आली. जाळीत कंदील होता. काच शाबूत. मुठीला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. मारुतीनं तो उचलला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला.

मी मागं सरलो आणि झाडाखाली जाऊन बसलो. लोक म्हणाले, सरांना ऊन लागलं.

म्हातारी सापडली नाही.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, त्या अमावस्येला मी खरंच घरी होतो का? ती बघतच राहिली. "अहो, असं काय विचारताय?" मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, "दाजी, सोफ्यावर असं घोरत होता की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला!" यंत्रही त्या रात्री घरच्या कपाटातच होतं. आधीच्या दोन खेपांना म्हातारी दिसली असेल आणि मनात राहिली असेल, असंही वाटलं. त्या दोन्ही तक्त्यांत तसली नोंद नाही. दिसली असती तर मी नक्की लिहिलं असतं.

मग योगायोग म्हणायचं का? एका वेळी एक योगायोग मी मानेन... रात्र, बाई, कंदील आणि वर ओढा?

पण माझ्या छातीवरचं ओझं हे नाही. मारुतीनं इचलकरंजीची पाळी सोडली. गावात मिळेल ते काम करायचा आणि उरलेला दिवस ओढ्याच्या काठानं खाली खाली जायचा. मला फोन करायचा. "सर, ओढा वलांडला का तिनं, का काठानं गेली?" मी म्हणायचो, काठानं. "मागं वळून बघितलं का?" मी म्हणायचो, नाही. दोन वर्षं मी त्या माणसाला असा चालवला. मसुदा पुढे गेला, माझं नाव छापून आलं.

यंदाच्या माघात सहन होईना. आधी मॅडमना सांगितलं. त्यांनी तिसऱ्या रात्रीचा तक्ता काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "आकडे मी मागे घेईन. तसं लेखी कळवीन. पण सर, तो शेरा... तो मी खोटा कसा म्हणू?" कॉलेजात चौकशी सुरू आहे. जे होईल ते होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीकडे गेलो. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो तसाच ठेवून मी सगळं सांगितलं. आलो नव्हतो. बघितलं नव्हतं. मनानं लिहिलं, ओढाही मनानंच सांगितला.

मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. तो नुसता बिया हातानं सारख्या करत राहिला.

"मग कंदील?"

"माहीत नाही, मारुती. खरंच माहीत नाही."

"म्हंजी आयला शेवटचं बघितल्यालं मानूसच न्हाय."

दोन वर्षं त्याच्याजवळ एवढंच तर होतं... कुणीतरी तिला जाताना बघितलं होतं. तेही मी काढून घेतलं. उठायला लागलो, तर म्हणाला, "बसा. लिवताना तुमाला ती कशी दिसली, तेवढं सांगा."

"दिसली नाही रे. बनवलं मी."

"तरीबी सांगा. घाबरल्याली हुती का?"

मी नाही म्हणणार होतो. पण बोलायला लागलो, "नाही. सावकाश चालली होती. बांधावर एकदा थांबली, कंदील उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि मग गेली."

आत भांडी घासणारी त्याची बायको थांबली. मारुती माझ्याकडे न बघता म्हणाला, "उजव्या हातात कळ यायची तिच्या."

हे कागदावर नव्हतं. तोवर मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याला बरं वाटावं म्हणून रचलं, की आठवून सांगितलं? पुराव्याचा कायदा शिकवणारा माणूस मी... स्वतःला पिंजऱ्यात उभं करून रोज हा प्रश्न विचारतो. रोज दोन्ही उत्तरं खोटी वाटतात.