बांगडीच्या मापाचं अक्षर

एखाद्या माणसावर लिहावं एवढी माझी लायकी आहे का, मला माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यातून ज्यांच्यावर लिहितोय, त्यांचं मी वाईट केलंय. म्हणून माफी आधी त्यांची, मग तुमची.

मुकुंदवाडीत माझ्या खोलीखाली पाट्या रंगवणारे काका बसत. ब्रश उचलण्याआधी खिशातून एक पितळी बांगडी काढत. बायको गेल्यावर ठेवून घेतलेली. ती पाटीवर टेकवून पेन्सिल फिरवत. ‘व’, ‘ब’, ‘क’, सगळ्यांचं पोट त्याच मापाचं. अक्षर जाड, टोकं गोल, कोपरा म्हणून कुठे नाही.

“अक्षर जेवलेलं दिसाया पायजे,” ते म्हणत. “उपाशी अक्षराच्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाय.”

आमची अख्खी गल्ली त्यांच्या हाताची होती. तुम्ही तिकडून गेला असाल तर त्या पाट्या वाचल्याही असतील. कुणी रंगवल्या, हे विचारलं नसेल. मीही बरेच दिवस विचारलं नव्हतं.

श्रद्धांजलीचा फलक आला की मात्र बांगडी खिशातच राही. सरळ, बारीक अक्षरं काढत. मी कारण विचारलं.

“मयताला गोल अक्षर चालत नाय, कालेजवाले. ते हसतं.”

कॉलेजात प्रकल्प होता. मी काकांकडून सगळी अक्षरं कागदावर काढून घेतली. तीन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. त्या अक्षरांचा मी संगणकावर फॉन्ट केला.

“काका, नाव काय देऊ?”

“तुमचंच द्या. माझं नाव कोण वाचतंय?”

मी दिलं. खरंच माझं दिलं. प्रकल्प पहिला आला. टाळ्यांच्या भरात मी फॉन्ट इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला. वाटलं, काकांचं अक्षर जगभर जाईल. ते गेलं चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानापर्यंत.

पहिली उतरली ती गिरणीची पाटी. तिच्या जागी फ्लेक्स लागला, त्याच अक्षरात. काका हात उंचावून ‘क’च्या पोटावर बांगडी धरून बघत होते. फ्लेक्सवरचं अक्षर एवढं मोठं, की ती आत बुडून गेली होती.

“ह्यो माझाच ना, कालेजवाले?”

“हो, काका.”

“मग मला का नाय बोलावलं?”

गिरणीवाला आतून हसला. “अवो काका, तासाभरात छापून मिळतंय. अन् अक्षर तर तुमचंच हाय की!”

काकांनी बांगडी खिशात टाकली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एकेक पाटी उतरत गेली. काका सकाळी ब्रश भिजवून बसत आणि संध्याकाळी तेच स्वच्छ ब्रश पुसून उठत. मी खोली बदलली. अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं तर जिना उतरताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“चालले व्हय? नीट शिका,” ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात जुन्या घरमालकांनी मोबाईलवर फोटो पाठवला. सोबत दोनच शब्द: काका गेले. फोटोत चौकात लागलेला फ्लेक्स. वर काकांचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. माझ्या फॉन्टमध्ये.

अक्षरं हसत होती.