तपासणीला आलेला भाऊ

प्लीहा काढलेल्या रुग्णांना लस दिल्यावर त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे किती तयार होतात, हा माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा विषय होता. शेवटच्या रुग्णाचे रक्त ठरल्या दिवशी घेतले नाही, तर तो अभ्यासातून गळणार होता आणि प्रबंध अपुरा राहणार होता.

त्या दिवशी सकाळी रुग्णाच्या गावाहून, बाभुळगावहून, एक गृहस्थ आले आणि बाही वर करून बसले. चेहरा अनोळखी होता.

"रुग्ण कुठे आहे?" मी विचारले.

"दादा कापूस वेचून राह्यला, साहेब. त्यानं मले पाठवलं. घ्या रक्त."

"तुमचे घेऊन काय करू?"

"काहून? त्याचं राशन बी मीच आणतो."

विद्यार्थिनी रडकुंडीला आली. मी गाडी काढली आणि दोघांना बसवले.

शेतात आम्हाला पाहताच थोरला धाकट्यावर खेकसला, "एवढं बी जमलं नाही का बे तुले?" मग त्याने डावा हात विद्यार्थिनीपुढे केला. उजव्याने वेचणी चालूच होती.

"हलू नका," मी दरडावले.

"हा हात तुमचा, साहेब. तो माझा."

नमुना दुपारी प्रयोगशाळेत जमा झाला.