डब्यात तीन कंडेन्सर

माझ्या वयाची माणसं खिशात ब्लडप्रेशरची गोळी ठेवतात. मी गाडीत सीटमागे एक पत्र्याचा डबा ठेवतो. त्यात फ्यूज, रिले, एक जुनी कॉइल, वायरचे तुकडे, पेचकस-पान्हे आणि तीन कंडेन्सर. गाडी माझ्याहून थोडीच लहान, दोन सीटची, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली. मेहकरात ती बघायला लोक जमतात आणि ढकलायलाही तेच कामी येतात. तिची वायरिंग बघणाऱ्या डोणगावच्या मिस्त्रीचाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "साहेब, या गाडीत पेट्रोल टाकाले इसरले तं चालते, डबा इसरू नका."

बायकोचं म्हणणं वेगळं. "लग्नाचा अल्बम कोठी आहे ते यायले माहीत नाही, पन फ्यूज कोठी आहे ते झोपेत इचारा."

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार पाटावर मांडतात. विळे, कुऱ्हाड, अडकित्ता, कात्री. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. बायकोने माझा डबाही पाटावर ठेवला आणि त्यातले पेचकस, पान्हे, पक्कड काढून पुढे ओळीने लावले. मग आम्ही दोघं शेतातून झेंडू आणायला निघालो. पण डब्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडेना. ती साडी बदलायला गेली तेवढ्यात मी डबा उचलला, त्या जागी चिवड्याचा रिकामा डबा ठेवला आणि वर तेच फूल वाहिलं. पेचकसांना मात्र हात लावला नाही. एवढ्या सरळ ओळीतला एक कमी झाला असता तर तिला दारातूनच दिसलं असतं. शिवाय हत्यार ते हत्यार. सुट्या भागांचं काही पाप लागत नाही, असा निकाल मी स्वतःच लावला.

शेत जानेफळच्या शिवारात आहे. विळे पूजेत, म्हणून फुलं हातानेच खुडत होतो. बांधाकडच्या दाट झाडांत तिने हात घातला आणि गांधीलमाशा उठल्या. मानेवर दोन चावल्या, ओठावर एक. आधी आम्ही हसलोच.

"झालं, आता दसऱ्याच्या फोटोत माहं तोंड पाहा," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिचे तळहात खाजायला लागले. मग अंगभर लाल चट्टे उठले. "घरी चला" म्हणाली तेव्हा तो आवाज तिचा नव्हता. तोंडात घास असताना बोलावं तसा होता.

फोनला रेंज नव्हती. शिवारात चिटपाखरू नव्हतं. हत्यारं पूजेत असताना कोण येणार शेतात? फुलांचं पोतं तिथेच टाकलं, तिला गाडीत बसवलं आणि मेहकरचा रस्ता धरला. स्पोर्ट्स कार घेऊन बारा वर्षं झाली होती, पण वेगात चालवली ती त्या दिवशीच. तिच्या प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी येत होती. इंजिनाच्या आवाजातही मला ती ऐकू येत होती.

निम्म्या रस्त्यात गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

आचक्यावरूनच कळलं, ठिणगी सांभाळणारा कंडेन्सर गेला. बोराएवढं नळकांडं, एक वायर, एक स्क्रू. हे काम मी डोळे मिटून करतो. "पाच मिनिटं," मी तिला म्हटलं. बॉनेट उघडलं, क्लिपा काढून टोपण बाजूला केलं, डबा उघडला. तीन कंडेन्सर होते. स्क्रू फिरवायचे पेचकस मात्र घरी पाटावर होते.

नाणं लावून पाहिलं, जाड होतं. चावी लावली, मग नख लावलं, ते तुटलं. तिच्या केसातली पिन काढून घेतली, ती वाकली. दर खेपेला मी म्हणत होतो, "झालंच, झालंच." मी चूक करतोय आणि ती गप्प आहे, असं आमच्या संसारात कधी झालेलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून मी त्या स्क्रूकडे बघतोय.

एक मोटारसायकलवाला थांबला.

"दादा, पेचकस आहे का?"

"आज? आज तं सारं पूजेत आहे ना भाऊ." त्याने गाडीत वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "यायले मोटारसायकलवर बसता येनार नाही. थांबा, पुढं जे वाहन भेटन ते धाडतो."

त्याने धाडलेली पिकअप आली ती कांद्याच्या पोत्यांनी भरलेली. चालवणारे साठीचे व्यापारी, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मी एका दमात कंडेन्सर, स्क्रू, पेचकस असं सगळं सांगितलं. त्यांनी सीटखाली हात घालून पेचकस काढला आणि माझ्या हातात दिला. मी बॉनेटकडे वळलो.

"काय करून राह्यले तुमी?"

"चाचा, पाच मिनिटांत होतं."

"भाभीचे ओठ निळे पडून राह्यले, आन तुमी गाडीचं काय घेऊन बसले बे? इकडं उचला त्यायले."

तोवर त्यांनी केबिनचं दार उघडलंही होतं.

मेहकरपर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एका ठिकाणी ती शिट्टी थांबली. रस्त्यावर खड्डा आला, गाडी आदळली आणि शिट्टी पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या वेळाबद्दल मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

दवाखान्यात लागोपाठ दोन इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरने विचारलं, "चावून किती वेळ झाला?" मला सांगता येईना. कंडेन्सर बदलायला किती वेळ लागतो, एवढंच मला ठाऊक होतं. पेचकस मुठीतच होता. नर्सने एकेक बोट सोडवून तो काढून घेतला आणि बाहेर बाकावर बसलेल्या पिकअपवाल्या चाचांना नेऊन दिला. "आता श्वास बरा आहे" हे नर्सच्या तोंडून ऐकल्यावरच ते कांदे घेऊन गेले.

दुपारनंतर ओठांची सूज उतरली, बायको झोपली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. पण मला ती शिट्टी ऐकायची सवय झाली होती, आणि आता काहीच ऐकू येत नव्हतं. मी वाकून पाहिलं. मग नाकाखाली बोट धरलं.

"हात काढा तो," डोळे न उघडता ती म्हणाली. "पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

मी हात काढला. थोड्या वेळाने तिला गाढ झोप लागल्यासारखं वाटलं, तेव्हा पुन्हा धरला.