पेवाच्या काठावरचा दगड

त्या दिवशी अण्णा पेवात उतरले. त्यांना दोरानं वर काढलं. संध्याकाळी त्यांना अग्नी दिला.

अण्णा माझे वडील. मी तेव्हा लातूरला डी.एड. करत होते आणि सुट्टीत गावी आले होते. यंदा माय गेली, म्हणून हे लिहायला बसले आहे. ती असताना मला हे लिहिता आलं नसतं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

आमचं गाव अहमदपूरहून लोह्याकडं जाताना लागतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आम्ही त्याच्या अगदी कडेला होतो. ओढ्यापलीकडचं शिवार नांदेडचं. मोजणीची माणसं जीपमधून यायची, दगडांवर चुन्याच्या फुल्या मारून निघून जायची. पाऊस आला नव्हता. माळावर गवताची काडी उरली नव्हती आणि दिवसभर वारा सुटलेला असायचा. त्या वाऱ्यानं वरची माती उडाली आणि जुन्या पेवांची तोंडं उघडी पडू लागली.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खड्डा. कडक मुरमात घागरीसारखा खोदलेला, तोंडाला अरुंद आणि आत प्रशस्त. तोंडावर चपट्या दगडाची चिप ठेवून वर माती लोटायची, की ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्यावर पेवं विसरली गेली. पण मी लहान असताना आमचं एक पेव वापरात होतं. ते उघडलं की अण्णा मला जवळ येऊ देत नसत. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर कुणी उतरायचं नाही. "आत वारं न्हाई, बाई," ते म्हणायचे. "जिथं दिवा जगत न्हाई तिथं माणूस कसा जगंल?"

हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

रझाकारांच्या काळात आमचं घर रातोरात उठलं आणि पैनगंगेपलीकडं, उमरखेडच्या बाजूला गेलं. अण्णा तेव्हा लहान होते. आजोबा मागं राहिले. घरातलं सोनं-चांदी आणि तांब्याची भांडी पुरून ते मागून येणार होते. निघताना त्यांनी अण्णांना एवढंच सांगितलं, "खूण केली हाय. बघितलीस की कळंल." आजोबा आले नाहीत. पोलीस ॲक्शननंतर घरचे परतले तेव्हा त्यांचा पत्ताच लागला नाही.

"बघितलीस की कळंल" या शब्दांनी अण्णांना जन्मभर दगड बघायला लावलं. शेताचा बांध असो, देवळाची पायरी असो, ओढ्याचा काठ असो, ते वाकून बघायचे. माय चिडवायची, "लग्नात माझ्या तोंडाकडं न्हाई बगितलं यांनी, बोहल्याचा दगुड बगत हुते." अण्णा हसायचे. तोवर ते आमच्या घरातलं हसण्यावारी नेण्याचं वेड होतं.

दुष्काळात पेवांचा माळ उघडा पडला आणि ते हसणं थांबलं. एका पेवाच्या काठावरच्या दगडात अण्णांना एक खोल रेघ दिसली, पेवाच्या तोंडाकडं गेलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगा. ते घरी आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मला कळलं."

मग ते लोह्याकडून एका माणसाला घेऊन आले. खुणा वाचण्यात त्याचं नाव होतं. सगळे त्याला मामा म्हणत. तो वाईट माणूस नव्हता. आमच्याकडून त्यानं भाकरी आणि चहाखेरीज काही घेतलं नाही, आणि जे सांगायचा त्यावर त्याचा स्वतःचा पुरता विश्वास होता. मला त्याची भीती वाटायची ती त्यामुळंच.

पहिल्याच दिवशी तो माळावर फिरला आणि एका दगडापाशी थबकला. "ही फुली बगा. इथून पावलं मोजायची खूण हाय."

माय मागून म्हणाली, "मामा, ती परवा मोजणीवाल्यानं मारली. अजून चुना बोटाला लागतोय."

मामानं बोट लावून पाहिलं. "हाव," तो शांतपणे म्हणाला. "पर त्याला इथंच मारावी कामून वाटली?"

अण्णा हसले नाहीत. पुढं काठावरचा तो दगड पाहून मामा खाली बसला. दोन खळगे म्हणजे चंद्र आणि सूर्य, आणि रेघ म्हणजे ठेवीची वाट, असं त्यानं सांगितलं. अण्णा त्याच्या तोंडाकडं असे पाहत होते, जसं काही आजोबाच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर गेलं. अण्णांनी मुद्दाम तीच वेळ धरली. पेवापाशी आम्ही चौघंच होतो. पहारीनं चिप सरकवली. आतून आंबट, कुजका वास आला आणि माय पदर नाकाला लावून मागं सरली.

"दिसभर उघडं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"दुपारी गाव परत येईल," अण्णा म्हणाले.

मामानं हळद-कुंकू वाहिलं आणि पितळेच्या वाटीत दिवा लावून दोरानं आत सोडला. आम्ही सगळे वाकलो. ज्योत भिंतीच्या मुरमावर पिवळी हलत खाली गेली, बारीक झाली आणि विझली. कुणी फुंकली नव्हती. वाराही आत शिरत नव्हता.

मी अण्णांकडं पाहिलं. मला खात्री होती की ते आता चिप परत लावतील.

"विझला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता.

"राखणदारानं फुंकला," मामा म्हणाला. "ठेव असल्याबिगर न्हाई फुंकत."

"अण्णा, तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "आत वारं नाही."

"ते ज्वारीच्या पेवाला, बाई. हे येगळं हाय."

मायनं त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवली, जशी काट्यातून धोतर सोडवावं तशी. पहार रोवली, दोर बांधला आणि ते उतरले. दोर त्यांनी कमरेला बांधला नव्हता, हातात धरला होता. आतून एकदा आवाज आला, "गार हाय." मग काहीतरी जड टेकल्याचा आवाज आला आणि दोर सैल पडला.

मी हाका मारल्या. माझाच आवाज पेवातून घुमून वर येत होता. मामा पांढराफटक पडला आणि दोर धरून उतरायला निघाला. माय मध्ये आली आणि पेवाच्या तोंडाला पाय लावून बसली. "कुनी उतरायचं न्हाई."

मी पुढं झाले तशी तिनं माझा दंड पकडला. "तू उतरलीस तर मी बी उतरंल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिचा नवरा खाली होता आणि तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. मला पेवाची भीती वाटत होती, पण त्याहून तिच्या त्या आवाजाची वाटली.

"मामा, पळा. मानसं आना," ती म्हणाली. तो धावला. आम्ही दोघी घोंगडीला दोर बांधून ती आत सोडत होतो आणि वर ओढत होतो, थोडं तरी वारं खाली जावं म्हणून. दर वेळी घोंगडी कशाला तरी लागून वर यायची.

खडीवरची माणसं आली. विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा गळ कुणीतरी आणला. त्यांनी खाली कुणालाच जाऊ दिलं नाही. गळ अण्णांच्या करगोट्यात आणि धोतराच्या गाठीत अडकला. मग एक दांडगा गडी काठावरच्या दगडावर उभा राहिला आणि जोर यावा म्हणून त्यानं पाय फाकवून टाचा रोवल्या. त्या नेमक्या दोन खळग्यांत बसल्या. दोर ताणला आणि त्या रेघेत जाऊन पडला. माणसं ओढत होती, दोर रेघेतून सरसरत होता, आणि मी दगडाकडं पाहत होते. किती वर्षं माणसांनी इथं उभं राहून ज्वारीची पोती ओढली असतील. मायनंही ते पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि तिनं मान फिरवली. अण्णांच्या मुठीत काळी पडलेली ज्वारी होती.

मामा स्मशानात आला होता. लांब उभा राहिला आणि निघून गेला. पुन्हा आमच्या गावात दिसला नाही. दिवस झाल्यावर मायनं मुरूम टाकून ते पेव बुजवून घेतलं. आत आणखी काही होतं का, हे तिनं कुणाला बघू दिलं नाही. मी मास्तरीण झाले आणि तिला लातूरला घेऊन आले. रस्त्यानं चालताना ती शेवटपर्यंत माझा दंड धरायची, त्याच जागी.

तिचे दिवस झाल्यावर मी गावी जाऊन आले. माळावर आता सोयाबीन आहे. पेव कुठं होतं ते जमिनीवरून ओळखू येत नाही. काठावरचा दगड बांधाला लावलेला आहे. त्यावर एक रेघ आणि दोन खळगे आहेत.