सासुरवाडीवरून विमान

हसा बाप्पा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. लोक जमिनीवर माती खातात, मी आकाशात जाऊन खाल्ली!

माझं तुमसरला कापडाचं दुकान. हैदराबादला माल पाहायला जायचं ठरलं, तेही विमानानं, जन्मात पहिल्यांदा! विमान गोंदियाजवळच्या बिरसीहून. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बिरसी तिकडे गेली, पण आम्ही भंडारावाले तिला अजून आपलीच म्हणतो.

भिंतीवरच्या नकाशावर बिरसी ते हैदराबाद दोरा ताणला, तर काय! दोरा बरोब्बर दिघोरीवरून, म्हणजे माझ्या सासुरवाडीवरून गेला. छाती अशी फुगली म्हणता! अंतर मोजलं, वेगानं भागलं आणि सासूबाईंना फोन लावला. "साडेअकराला तलावाच्या पाळीवर या. तुमच्या डोक्यावरून जातो. खिडकीतून लाल दुपट्टा हलवतो."

सासूबाई मुलखाच्या घाबरट. म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी सुखरूप जाताना दिसल्याबिगर मी घास नाही घेत!"

आता घोळ कुठे झाला? तिकिटावर दोन वेळा होत्या आणि मी धरली विमानतळावर हजर व्हायची! आपल्या एस्टीत माणूस चढला की घंटी वाजते, तीच सवय. साडेअकराला मी आपला विमानतळाच्या बाकावरच, दुपट्टा गळ्यात. तिकडे सासूबाई उपाशी! फार वाईट वाटलं हो.

खरं सांगून टाकावं म्हणून फोन काढला, तर तोच वाजला. मागे अख्ख्या गावाचा गलका, कोणी डफडंही आणलेलं.

"दिसले, जवाईबापू, दिसले! लाल दुपट्टा साफ दिसला! ओवाळलं मी तुमाले!"

कोणतं विमान गेलं देव जाणे! पण आता बाई जेवायला बसणार होत्या. खरं कोणत्या तोंडानं सांगू?

"हाव, मलेही तुमी दिसल्या!"

झालं! माझा साळा मोरेश्वर, त्यानं फोन हिसकला. "भाऊजी, आपलं वावर कसं दिसून राह्यलं वरून?"

"हिरवंगार!"

"काहून हिरवंगार? परवाच तं धान कापलं!"

"वरून हिरवंच दिसते रे."

तेवढ्यात भोंग्यातून बाई गरजली, हैदराबादच्या प्रवाशांनी रांगेत यावं!

"हे कोण बोलून राह्यली, भाऊजी?"

"कंडक्टरीणबाई," म्हणालो आणि फोनच बंद केला.

मग खरंच उडालो. खाली दिघोरीचा तलाव दिसला आणि काय सांगू, असा आनंद झाला की राहवेना! काचेला नाक लावून दुपट्टा इतका फडकवला की शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

हैदराबादला उतरलो, फोन चालू केला, तर लगेच वाजला. आधी सासूबाईंचा तृप्त ढेकर ऐकू आला.

"जवाईबापू, तुमच्यामागून आणखी एक विमान गेलं. आमी कायले पाहतो? जेवून राह्यलो होतो. मोरेश्वर तेवढा अंगणात होता, तो म्हणे, खिडकीत कोणी येडा दुपट्टा हलवून राह्यला होता!"

"असं?"

"मी म्हटलं, पह्यल्यांदाच बसला असन बिचारा. आमच्या जवायासारखी सवय सगळ्यांले थोडीच राह्यते!"

मी म्हटलं, "हाव ना. कसे कसे लोक येतात विमानात!"