कामाचं आहे

माझी ताई दुसऱ्यांचे प्रोसेसर फोडायची. चोरून नव्हे, चांगला पगार घेऊन. समोरच्या कंपनीचा नवा प्रोसेसर बाजारात आला, की ताईची कंपनी तो दुकानातून विकत आणायची आणि तिच्या टेबलावर ठेवायची. ताई त्याचं झाकण काढायची, मग एकेक थर घासून खालचा थर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आतल्या नखाएवढ्या चिपमध्ये मजल्यावर मजले असतात आणि प्रत्येक मजल्यावर तारांचे रस्ते. समोरच्यांनी वेग कुठे वाढवला, वीज कुठे वाचवली, हे ताई बरोबर शोधून काढायची.

पंचाईत एवढीच, की समोरच्या कंपनीत ते रस्ते आखणाऱ्यांपैकी एक माझे भाऊजी होते.

"एका म्यानात दोन तलवारी राहायच्या कशा?" असं आई लग्नाआधी म्हणाली होती. मला मात्र मजा वाटायची. घरात कम्प्युटर कुणाच्या कंपनीचा प्रोसेसर असलेला घ्यायचा, यावरून आठवडाभर रुसवेफुगवे झाले आणि शेवटी दोन आले. दोघंही एकमेकांच्या कम्प्युटरला 'तुझी बैलगाडी' म्हणायचे.

कामाबद्दल मात्र घरात अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. आपापल्या कंपनीला दोघांनी तसं लिहूनच दिलं होतं. एकाचा चेहरा उतरलेला दिसला, की दुसरा विचारायचा, "काय झालं?" त्यावर "कामाचं आहे" असं उत्तर आलं, की विषय संपला. मी एकदा ताईला म्हटलंसुद्धा, "हा संसार आहे की दोन देशांची सीमा?"

ती हसली. "अगं, मी विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता त्या शहाणपणाचा मला राग येतो.

त्या वर्षी दोन्ही कंपन्यांचे नवे प्रोसेसर एकाच सुमारास यायचे होते. ताईच्या कंपनीने आपली तारीख अलीकडे ओढली. लगेच भाऊजींच्या कंपनीनेही ओढली. आधी कोण, यावरून वरच्यांची हमरीतुमरी आणि जागरणं मात्र या बिचाऱ्यांची. भाऊजी अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. शर्ट अंगावर लोंबायला लागले. पोटावर हात दाबून ते खिडकीशी उभे राहायचे.

"काय झालं रे?" ताई विचारायची.

"कामाचं आहे."

ताई मुकाट्याने आत जायची. आपल्याच कंपनीने याची झोप उडवली आहे, आपण कुठल्या तोंडाने खोदून विचारणार, असं तिला वाटायचं. आणि भाऊजी तरी कुठे खोटं बोलत होते? त्यांनाही ते कामाचंच वाटत होतं. आराखडा एकदा कारखान्यात जाऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आराखडा वेळेत गेला. भाऊजींचं दुखणं मात्र तोवर हाताबाहेर गेलं होतं. रिपोर्ट खाली ठेवत डॉक्टरांनी ताईला विचारलं, "इतके महिने घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी बाजूलाच बसले होते. त्या माणसाचं तोंड दाबावंसं वाटलं मला.

दवाखान्यात ताईने नियम मोडला. पलंगाशी स्टूल ओढून ती म्हणाली, "सांग, या प्रोसेसरमध्ये तू काय काय केलंस? सगळं सांग. मी कुणाला सांगणार नाही."

भाऊजी उशीवर पडल्या पडल्या हसले. "वेडी आहेस. फोडशीलच की तू. तेव्हा बघ."

त्यांचा प्रोसेसर बाजारात आला, तेव्हा बघायला ते नव्हते. ताईच्या कंपनीने नेहमीसारखा तो विकत आणला. तिचे साहेब भले माणूस. "हा दुसऱ्या कुणाला देऊ या," म्हणाले. ताई म्हणाली, "नको. मीच करते."

मी तेव्हा तिच्याकडेच राहत होते. तिचं ते काम संपलं, त्या संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढता, पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"कामाचं आहे."

जिभेची सवय, दुसरं काय! मी उठले, पण आत गेले नाही. तिच्याजवळ जाऊन बसले. "असू दे कामाचं. काय झालं ते सांग मला."

तिने माझा हात घट्ट धरला आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा धाय मोकलून रडली.

"सगळे थर बघितले," ती म्हणाली. "त्याचं काम किती सुंदर होतं गं. एक तार उगीच लांब नाही. कुठे जरा शंका आली, तर मी परत परत बघत होते, पाच पाचदा."

मग खिडकीकडे बघत म्हणाली, "त्याला मी एकदाच विचारायचे. दुसऱ्यांदा कधी विचारलंच नाही."